तांडेलाची वही यंत्रात गेली. यंत्राची प्रत कुणाकडे?

पावसाळी मासेमारी बंदीचे दोन महिने म्हणजे कोकणातील बंदरांवर डागडुजीचे दिवस. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात, शाकारल्या जातात, जाळी दुरुस्त होतात, इंजिनाची कामे निघतात. याच काळात केबिनमधील जीपीएस संचही खोलून, कापडात गुंडाळून घरी नेला जातो. जाळ्याची आणि इंजिनाची किंमत काय, हे बंदरावर कुणालाही विचारावे. या छोट्या पडद्याच्या यंत्राची खरी किंमत मात्र दुकानातील दरावरून कळत नाही. तांडेलाने दहा-पंधरा वर्षांत टिपलेल्या शेकडो जागा त्याच्या स्मृतीत साठलेल्या असतात. मासळी कुठे लागते, जाळे कुठे फाटते, खाडीच्या मुखातून ओहोटीला कोणत्या रेषेने बाहेर पडायचे, हे सारे त्यात असते. खाऱ्या हवेने संच बंद पडला, आतली बॅटरी संपली किंवा कारागिराने दुरुस्ती करताना स्मृती पुसली, तर अनेक नौकांवर त्या जागा परत मिळण्याचा मार्ग उरत नाही. कारण त्यांची दुसरी प्रत कधी काढलेलीच नसते.

यंत्रांच्या परिभाषेत अशा जागेला ‘वेपॉइंट’ म्हणतात. बंदरावर नुसते ‘पॉइंट’ म्हटले की भागते. अक्षांश, रेखांश आणि एक नाव, एवढाच हा ऐवज. पूर्वी तो तांडेलाच्या डोक्यात असे. किनाऱ्यावरील डोंगराचे टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत आले, दुसऱ्या अंगाला ठरावीक सुळका खाडीच्या मुखावर दिसू लागला, की जागा सापडली. मग शिसे बांधलेली दोरी सोडून पाणी किती वाव आहे ते पाहायचे आणि शिशाला लागून आलेल्या चिखल-वाळूवरून तळ ओळखायचा. ही विद्या बापाकडून मुलाकडे जात असे. किनारा दिसेनासा होईल इतक्या दूर नौका जाऊ लागल्या तेव्हा तिची मर्यादा उघड झाली आणि तिची जागा जीपीएसने घेतली. मे २०००मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये हेतुपुरस्सर ठेवलेली चूक काढून टाकली. तोवर १०० मीटरपर्यंत सरकणारी जागा त्यानंतर दहा-पंधरा मीटरांच्या आत सापडू लागली. तळाशी पडलेले एखादे बुडालेले गलबत दुसऱ्या फेरीत हमखास टाळता येणे, हे ट्रॉलरच्या दृष्टीने मोठेच अंतर होते. जाळे एकदा अशा सांगाड्यात अडकले की जाळे तर जातेच, शिवाय डिझेल आणि बर्फ घालून काढलेली सफरही वाया जाते.

नौकेची जागा आता सरकारदरबारी

तांडेलाच्या या खासगी ठेव्याचा प्रश्न आज उपस्थित होण्यास कारण आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथील कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मासेमारी नौकांसाठीच्या उपग्रहाधारित दळणवळण यंत्रणेचा प्रारंभ केला. सुमारे ३६० कोटी रुपये खर्चाच्या या योजनेत १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख यांत्रिक नौकांवर टप्प्याटप्प्याने ट्रान्सपॉन्डर बसविले जात आहेत. जानेवारी २०२५पासून महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाने बेकायदा मासेमारी पकडण्यासाठी ड्रोनचा वापर सुरू केला. नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीसाठी नवे नियम जारी केले. त्यांनुसार यांत्रिक व मोठ्या मोटारनौकांना ‘रिअलक्राफ्ट’ या संकेतस्थळावरून प्रवेश पास घ्यावा लागतो आणि ट्रान्सपॉन्डरचा आग्रह धरण्यात आला आहे. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना या पासातून वगळण्यात आले आहे.

या निर्णयांचे हेतू गैर नाहीत. नोव्हेंबर २०१७च्या अखेरीस ‘ओखी’ चक्रीवादळ आले तेव्हा केरळ आणि तमिळनाडूतील शेकडो मच्छीमार भर समुद्रात होते. त्यांपैकी साडेनऊशेच्या आसपास लोक ६८ नौकांसह सिंधुदुर्गात देवगडच्या आश्रयाला सुखरूप पोहोचले; अनेक जण कधीच परतले नाहीत. कोण गेले आहे, हे किनाऱ्यावरील घरांना ठाऊक होते. कुठे गेले आहे, हे नव्हते. अशा वेळी नौकेवरून येणारा उपग्रह संदेश जीव वाचवू शकतो आणि त्याला विरोध करण्याचे कारण नाही.

तथापि या सगळ्या व्यवस्थेत एक बाजू लंगडी राहिली आहे. नौका कुठे होती याची नोंद किनाऱ्यावरील यंत्रणेकडे असेल, ड्रोनच्या चित्रफितीत असेल. परंतु खुद्द नौकेकडे ती असेलच असे नाही. बारा सागरी मैलांच्या राज्य हद्दीत विशिष्ट जाळ्यांना असलेली बंदी मोडल्याचा आरोप झाला, तर महाराष्ट्रात २०२१च्या सुधारणेनंतर दंड लाखांच्या घरात जातो. नौका नेमकी कुठे होती, या वादात मालकापाशी असलेला पुरावा म्हणजे केबिनमधील प्लॉटरने आपोआप आखलेला माग. तो माग नव्या फेरीत जुन्यावर लिहिला जातो. साठवण भरली की यंत्र सर्वांत जुना भाग पुसून पुढे चालू लागते. दंडाची नोटीस हाती पडेपर्यंत त्या दिवसाचा माग उरलेला असेलच असे नाही.

पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागातील अनेक कामगार गुजरातच्या नौकांवर खलाशी म्हणून जातात. पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाने नौका पकडली, की माणसांबरोबर नौका जाते आणि नौकेबरोबर संचही. नौका सीमारेषेच्या अलीकडे होती की पलीकडे, हे सांगू शकणारी तिची स्वतःची नोंद दुसऱ्या देशाच्या ताब्यात जाते. मागील फेऱ्यांची प्रत घरी असती, तर ती नौका नेहमी कोणत्या पट्ट्यात काम करते, एवढे तरी दाखविता आले असते.

वायरीपासून कार्डापर्यंत

प्लॉटरमधील पॉइंट संगणकावर उतरवून घेणे अवघड आहे काय? पंधरा-वीस वर्षांपूर्वी ते खरोखरच अवघड होते. जुन्या संचांच्या मागे गोल जोडणी असे. तिच्यासाठी त्याच कंपनीची वायर लागे आणि ती संगणकाच्या नऊ टाचण्यांच्या सिरियल पोर्टला लावावी लागे. यथावकाश संगणकांवरून तो पोर्टच नाहीसा झाला. मग मध्ये यूएसबीचे रूपांतरक आले आणि त्यांचे ड्रायव्हर जुळविण्यात वेळ जाऊ लागला. सागरी उपकरणांची आपसातील सामाईक भाषा म्हणजे ‘एनएमईए ०१८३’ हे मानक. सेकंदाला ४,८०० बिट या संथ गतीने ते चालते आणि त्यात वेपॉइंटसाठी एक ठरावीक ओळ असते. त्या ओळीत अक्षांश, रेखांश व नाव एवढेच बसते. तांडेलाने त्या जागेला दिलेले चिन्ह, लिहिलेली टीप, पाण्याची खोली, यांपैकी काहीच त्या ओळीतून पलीकडे जात नाही.

आता बहुतेक नव्या प्लॉटरना मेमरी कार्डाची खाच असते. यादीतून ‘युझर डेटा’ किंवा तत्सम पर्याय निवडायचा, कार्डावर साठवायचे आणि कार्ड संगणकात घालायचे; काम पाच मिनिटांचे आहे. अडचण कार्डावर उतरलेल्या फाइलची आहे. प्रत्येक कंपनीने आपापला साचा ठेवला. लोरन्सची फाइल ‘यूएसआर’ नावाची, रेमरीनच्या जुन्या संचांची ‘एफएसएच’, गार्मिनच्या प्लॉटरची ‘एडीएम’. एकाची फाइल दुसऱ्याला वाचता येत नाही. म्हणजे नौकेवर नव्या कंपनीचा संच बसविला, की जुन्या संचातील शेकडो पॉइंट एकेक करून हाताने भरायचे, नाही तर सोडून द्यायचे. ग्राहक एकाच कंपनीला बांधून ठेवण्याचा हा प्रकार मोबाइल चार्जरच्या बाबतीत सर्वांनी अनुभवलेला आहे. इथे मात्र अडकून पडते ती तांडेलाची उभ्या आयुष्याची माहिती.

यावर तोडगा २००२मध्येच निघाला होता. ‘जीपीएक्स’ हा साचा त्या वर्षी प्रसिद्ध झाला आणि त्याची सुधारित आवृत्ती २००४मध्ये आली. तो साध्या मजकुराचा आहे, कुणा एका कंपनीला त्यावर शुल्क घेता येत नाही आणि आज बहुतेक मोठ्या कंपन्यांचे नवे संच तो वाचतात किंवा निदान लिहितात. ज्यांना तो येत नाही त्यांच्यासाठी ‘जीपीएसबॅबल’ हा मोफत दुभाषा आहे. अनेक कंपन्यांच्या फाइलींचे तो जीपीएक्समध्ये रूपांतर करतो. ‘ओपनसीपीएन’ हा सागरी नकाशांचा मोफत प्रोग्रॅम ते पॉइंट नकाशावर दाखवितो. या दोन्हींसाठी एक पैसाही पडत नाही. एक साधा जुना लॅपटॉप त्यांना पुरतो.

मात्र जीपीएक्स म्हणजे रामबाण नव्हे. खोलीसाठी मूळ साच्यात स्वतंत्र रकाना नाही. गार्मिनने ती आपल्या जोडसाच्यात घातली आहे, पण दुसऱ्या कंपनीचा संच ती वाचताना गाळू शकतो. ‘२२ वाव, खडप’ अशी टीप नावातच लिहिलेली असेल तर ती टिकते. त्यातही जुन्या संचांत नाव सहा अक्षरांपुरते आणि रोमन लिपीत. त्यामुळे नावे तोडून-मोडून ठेवलेली. याहून मोठा धोका क्रमांकांचा आहे. नाव दिले नाही तर यंत्र स्वतःच ००१, ००२ असे क्रमांक घालते. दोन नौकांचे किंवा जुन्या-नव्या संचांचे पॉइंट एकत्र करताना दोन्हीकडे ००१ असतोच. काही यंत्रे अशा वेळी विचारतात, काही मुकाट्याने जुना पुसून नवा लिहितात. प्रत काढायला गेलेल्याने मूळच घालवून बसावे, असा हा प्रकार आहे. म्हणून एकत्र करण्यापूर्वी दोन्ही संचांच्या स्वतंत्र प्रती काढून त्यांना हात न लावणे, एवढी खबरदारी पुरेशी ठरते.

सेकंद की दशांश?

पॉइंट हाताने भरण्याची वेळ येते तेव्हाची चूक आणखी गंभीर असते, कारण ती दिसत नाही. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहाने मोजलेले समुद्रपृष्ठाचे तापमान व हरितद्रव्य यांवरून संभाव्य मत्स्यक्षेत्रांची सूचना प्रसृत करते. बंदरापासूनची दिशा, अंतर, खोली यांबरोबर त्या तक्त्यात अक्षांश-रेखांश असतात, ते अंश, मिनिटे आणि सेकंद या पद्धतीने. बहुतेक प्लॉटर मात्र कारखान्यातून येतात ते अंश आणि दशांश मिनिटे या पद्धतीवर लावलेले. संगणकातील जीपीएक्स फाइल तिसरीच पद्धत वापरते. तिथे नुसते दशांश अंश असतात.

समजा, तक्त्यात १८ अंश ३० मिनिटे ५० सेकंद असा अक्षांश आहे. तो प्लॉटरमध्ये १८ अंश ३०.५० मिनिटे असा भरला गेला. दिसायला आकडे तेच. पण ५० सेकंद म्हणजे ०.८३ मिनिट, यंत्राला सांगितले गेले ०.५०. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. त्या हिशेबाने चूक ६०० मीटरहून अधिक झाली. एकेरी सेकंदांची गत याहून वाईट. ९ सेकंद म्हणजे ०.१५ मिनिट, घाईत ते.९ म्हणून भरले गेले तर नौका जवळपास १,४०० मीटर भलतीकडे जाते.

मत्स्यक्षेत्राच्या सूचनेपुरते पाहिले तर अर्ध्या-पाऊण किलोमीटरने फार बिघडत नाही. ते क्षेत्र मुळातच काही किलोमीटर पसरलेले असते आणि मासळीही सरकत असते. पण हीच सवय खाडीच्या तोंडावरील खडकाच्या पॉइंटला लागू झाली, तर ६०० मीटर म्हणजे सुरक्षित वाट आणि फुटलेला तळ यांतील अंतर. वहीतून यंत्रात, एका यंत्रातून दुसऱ्यात, मोबाइलवरील संदेशातून पुन्हा यंत्रात, अशा प्रत्येक टप्प्यावर हा गोंधळ होऊ शकतो. फाइलने फाइल दिली-घेतली तर होत नाही, कारण पद्धतींचे रूपांतर यंत्रे स्वतः करतात. पॉइंट संगणकामार्फत हलविण्याचा सर्वांत मोठा लाभ वेळेच्या बचतीपेक्षा हाच आहे. त्यातही सरावासाठी एक-दोन ओळखीच्या जागा, म्हणजे जेट्टीचे टोक, दीपगृह, नकाशावर पडताळून घ्याव्यात. नकाशाचा मूळ आधार जुना असेल तर सगळेच पॉइंट एका बाजूला सरकलेले दिसतात आणि ते तेव्हाच लक्षात येते.

पुरावा म्हणून किती मोल?

जीपीएस संचाची स्मृती न्यायालयात किती बोलू शकते, हे मुंबईने पाहिले आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर ‘कुबेर’ या पोरबंदरच्या ट्रॉलरवर सापडलेल्या जीपीएस संचातील नोंदी अमेरिकेच्या एफबीआयच्या तज्ज्ञांनी वाचल्या आणि हल्लेखोर कराचीहून समुद्रमार्गे आले, हे दाखविणाऱ्या पुराव्यांत त्यांचा समावेश झाला. त्यानंतर किनाऱ्यावर ओळखपत्रे आली, नौकांना रंगसंकेत आले, वीस मीटरहून लांब नौकांवर स्वयंचलित ओळखयंत्रे आली. नौकेने आपली माहिती वर कळवावी, हा ओघ तेव्हापासूनचा आहे.

मच्छीमाराने स्वतःच्या बचावासाठी तीच स्मृती पुढे करायची म्हटली, तर काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतील. जीपीएक्स फाइलमधील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, भारतीय वेळेहून साडेपाच तासांनी मागे. सकाळी सहाची ड्रोनची चित्रफीत आणि मध्यरात्री साडेबाराचा माग एकाच क्षणाचे असू शकतात. न कळणाऱ्याला तो खोटेपणा वाटेल. दुसरे, जीपीएसची आठवड्यांची मोजणी १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येते. एप्रिल २०१९मध्ये ती तशी आली तेव्हा काही जुने संच जागा बरोबर पण तारीख जवळपास वीस वर्षे मागची दाखवू लागले. अशा संचातील माग कागदावर कितीही नेमका असला, तरी तारखेपाशी अडखळतो. तिसरे, फाइल साध्या मजकुराची असल्यामुळे त्यातील आकडे कुणीही बदलू शकतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र लागते आणि त्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश संख्या द्यावी लागते. एक अक्षर बदलले तरी ती संख्या बदलते. ती उतरविल्या दिवशीच काढून ठेवली, तर फाइल नंतर बदलली नाही, एवढे तरी सिद्ध होते. एरवी मूळ संच जपून ठेवणे हाच मार्ग. दोन्ही असले तर उत्तम.

मग हे होत का नाही?

तांत्रिक अडचणी सुटण्यासारख्या आहेत. न सुटणारी अडचण विश्वासाची आहे. पॉइंट कुणाचे, याचे उत्तर बंदरावर एकमताने मिळत नाही. संच मालकाचा, डिझेल मालकाचे. पण जागा शोधल्या त्या तांडेलाने. तांडेल दुसऱ्या नौकेवर गेला तर पॉइंट बरोबर नेतो, बहुधा वहीत किंवा मोबाइलमधील छायाचित्रांत. मालकाला ते आपल्या यंत्रात राहावेत असे वाटते, आणि मग जाण्यापूर्वी ते पुसले गेले असा संशय येतो. कार्डावर एका क्षणात हजार पॉइंट उतरतात, ही सोय तांडेलाच्या दृष्टीने भीतीही आहे. आपल्या अनेक वर्षांच्या कमाईची प्रत कुणाच्याही खिशातून जाऊ शकते. सरकारी ट्रान्सपॉन्डरविषयीची कुजबुजही याच जातीची आहे. कुठे गेलो हे शासनाला कळण्यापेक्षा शेजारच्या नौकेला कळेल काय, हा त्यामागील खरा प्रश्न.

ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण प्रत न काढणे हा तिच्यावरचा उपाय होत नाही. त्याने चोरी थांबत नाही, फक्त नाश निश्चित होतो. मालक आणि तांडेल यांनी हंगामाच्या आरंभीच प्रत कुणाकडे राहील हे ठरविणे, दोघांकडे एकेक ठेवणे, हे वाटणीच्या हिशेबाइतकेच सरळ काम आहे. मच्छीमार सहकारी संस्था डिझेलच्या कोट्याचे आणि कर्जाचे व्यवहार आजही सांभाळतात. बंदीच्या दोन महिन्यांत संस्थेच्या कचेरीत एक संगणक, चार कार्डे आणि प्रशिक्षित तरुण एवढे ठेवून प्रत्येक नौकेची फाइल उतरवून, ती त्याच नौकेच्या हाती देऊन, संस्थेकडे काहीही न ठेवणे शक्य आहे. मत्स्यव्यवसाय विभाग सागरी प्रशिक्षण देतो. त्यात हा एका दिवसाचा पाठ बसू शकतो.

शासनाच्या बाजूने एक गोष्ट अधिक तातडीची आहे. प्रवेश पास आणि ट्रान्सपॉन्डर यांच्या रूपाने नौकेच्या जागेची नोंद शासन घेत असेल, तर त्या नोंदीची प्रत त्या नौकेच्या मालकाला मागणीनुसार, जीपीएक्ससारख्या खुल्या साच्यात मिळेल, असे पासाच्या अटींतच लिहिले पाहिजे. तसे झाल्यास दंडाच्या प्रकरणात दोन्ही पक्षांसमोर एकच नोंद राहील आणि वादळात हरवलेल्या नौकेचा शेवटचा माग तिच्या घरच्यांनाही पाहता येईल. ट्रान्सपॉन्डर बसविण्याचे काम टप्प्याटप्प्याने चालू असतानाच ही अट घालणे सोपे आहे. एक लाख यंत्रे बसून झाल्यावर ती मागावी लागेल.

तोवर १ ऑगस्ट उजाडला, की कापडातले संच पुन्हा केबिनमध्ये बसतील. ज्यांच्या खाचेत आधीच नकाशाचे कार्ड आहे, त्यांनी ते काढून दुसरे, कोरे कार्ड घालायचे आणि मगच ‘साठवा’ म्हणायचे. नकाशाच्या कार्डावर पॉइंट उतरविण्याचा प्रयत्न काही संच नाकारतात.